उताणे पडून घर बघणारे हिलालआबा

हिलालआबा घर बघायला गेले की दाराशी चपला काढायचे, टोपी खिडकीत ठेवायचे आणि मधल्या खोलीत फरशीवर सरळ उताणे पडायचे. डोळे मिटून. घरमालकाला वाटायचं, पाहुण्याला भोवळ आली. एका घरी तर मालकीणबाईंनी घाईघाईनं कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. आबा डोळे न उघडता म्हणाले, "कांदा चांगलाय ताई, पण जरा लांब धरा. मला घराचा वास येऊ द्या."

आबा आमच्या ऑफिसात हेडक्लार्क. धुळ्याहून बदली होऊन जळगावला आले होते. रविवारी सकाळी टीव्हीपायी रस्ते ओस पडायचे, तो काळ. आबांना मूलबाळ नव्हतं. ते आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, स्टेशनजवळच्या एका खोलीत तात्पुरते राहत होते. माझ्याकडे स्कूटर होती आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. एवढ्या दोन गुणांवर आबांनी मला घर शोधायच्या कामाला जुंपलं.

"उभ्यानं घर बघू नये भाऊ," ते मला मागच्या सीटवरून सांगायचे. "उभ्यानं बैल बघतात. घर पडून बघायचं."

पडून बघितलेलं एकही घर त्यांना पसंत पडेना. एका घराचा पंखा म्हणे खालून रागीट दिसत होता. एका घराशेजारी पिठाची गिरणी होती. तिथं पडल्या पडल्या आबांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "माझी नाडी गिरणीच्या पट्ट्याबरोबर चाललीय. लाइट गेली तर मी पण बंद पडेन." ऐन उन्हाळ्यात एक घर छान गार लागलं, तर त्यावरही संशय. "जळगावात असून गार? काहीतरी लपवतंय हे घर."

कळस झाला तो एका रिटायर मास्तरांच्या घरी. मास्तरांचं बिऱ्हाड आणि भाड्याच्या खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत होती. मास्तरांनी विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. मग आबांनी त्यांना विचारलं, "गुरुजी, तुम्ही घोरता का?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. आतून त्यांच्या बाई म्हणाल्या, "घोरतात."

"मग जरा पलीकडं जाऊन घोरून दाखवा. मी इकडून ऐकतो."

मास्तर सज्जन माणूस. खरंच पलीकडे जाऊन पडले. पण जागेपणी घोरणं काही जमेना. भिंतीपलीकडून नुसता घसा साफ केल्यासारखा आवाज यायचा आणि आबा इकडून ओरडायचे, "हे खरं नाही गुरुजी, मनापासून घोरा." शेवटी बाईंनी मार्ग काढला. त्यांनी मास्तरांना पोटभर जेवू घातलं, आम्हालाही शेवभाजी वाढली आणि सगळ्यांना आपापल्या जागी पाठवलं. मी मध्ये ओट्यावर बसलो.

थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं. असं की खिडकीचं तावदान थरथरायला लागलं. फक्त ते आमच्या बाजूनं येत होतं. पलीकडून मास्तर लालबुंद डोळ्यांनी बाहेर आले आणि मला म्हणाले, "त्यांना उठवा आणि घेऊन जा. खोल्या द्यायच्या नाहीत."

आबांना याचं मनापासून वाईट वाटलं. "चांगलं घर होतं," ते परतताना म्हणाले. "झोप किती पटकन लागली."

एव्हाना लग्नसराई आली होती. स्टेशनजवळच्या खोलीच्या मालकाकडे मुलाचं लग्न निघालं आणि त्यानं आबांना खोली रिकामी करायला सांगितलं. रंगारीही आले. अक्कांना बसायला जागा उरली नाही, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच त्या आमच्याबरोबर आल्या. रिक्षात आबा आणि अक्का, मागून मी. इतक्या महिन्यांत मी अक्कांचा आवाज ऐकलेला नव्हता. चहा ठेवायच्या आणि आत जायच्या.

पिंप्राळ्याकडचं ते घर मला बघताच नापास वाटलं. वर पत्रे, खाली ओबडधोबड शहाबादी, नळ अंगणात. त्याच अंगणात मालकाची म्हातारी आई शेजारच्या बायकांना घेऊन ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे मोठाले पापड, घालत होती. खाटांवर ओले बिबडे वाळत पडले होते. अक्का पदर सावरून कडेला उभ्या राहिल्या.

म्हातारीनं मान वर करून अहिराणीत विचारलं, "कोठली शे वं तू?"

"शिरपूरकडनी," अक्का म्हणाल्या.

"मंग उभी काब्र? आठे बस."

अक्का बसल्या. हात धुतले आणि पातेल्यात घातले. मग काहीतरी बोलल्या. मग आणखी काहीतरी. बघता बघता बायका हसायला लागल्या आणि त्यांच्यात अक्काही.

मालक आबांना आत चला म्हणत होता. आबा उंबऱ्याशीच थांबले होते, अंगणाकडे तोंड करून. तिथूनच म्हणाले, "किल्ली द्या."

"आबा, आत तरी बघा," मी म्हटलं.

"काय बघायचंय? घर आहे."

मालक किल्ली आणायला गेला. मी अक्कांना हाक मारणार, तेवढ्यात आबांनी माझा हात धरला. "राहू द्या. बिबडे संपू द्या."

आम्ही दोघं ओट्यावर उन्हात बसलो. अंगणात अक्का हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होत्या आणि म्हातारी आबांकडे बघून हसत होती.

"काय सांगताहेत एवढं?" मी विचारलं.

"मला नावं ठेवतेय," आबा हलकेच म्हणाले. "ठेवू दे. धुळे सोडल्यापासून नावं ठेवायला तिला कोणी मिळालंच नव्हतं."