पाटातल्या पट्ट्यांचा दिवा

२०२३ सालच्या डिसेंबरात एरंडोल तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात पाण्यावर दिवा लागला. गावाने त्याआधी बिनधुराची चूल पाहिली होती. तिच्यात पुढे कोंबड्या अंडी घालू लागल्या. सूर्यचूल पाहिली होती. तिच्या आरशात मळेवाल्या कमलबाईंचे यजमान अखेरपर्यंत दाढी करत. विहिरीवर मोट होती तेव्हा अंधार पडला की लोक जेवून झोपत, पाण्याकडे उजेड मागत नसत. आता तो मागायला कमलबाईंचा थोरला मुलगा प्रेमराज उभा होता.

प्रेमराज शिरपूरकडे एका कॉलेजात शिकवी, तेही तासावर. नावामागे डॉक्टर लागलं होतं, पण मुलीकडचे "पर्मनंट आहेत का?" एवढंच विचारत आणि चहा संपवून उठत. तीन स्थळं अशी गेली. आता भुसावळचे तोताराम आबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी ज्योतीला घेऊन घर बघायला येणार होते. मळ्यात भरीत-पार्टी ठरली. त्यांना आपला शोध दाखवायचा, असं प्रेमराजने ठरवलं.

"या पिझोइलेक्ट्रिक पट्ट्या," तो म्हणाला. डॉक्टर झाल्यापासून तो घरातही पुस्तकी बोले. "वाहत्या पाण्यात माशाच्या शेपटासारख्या हलतात. वाकल्या की वीज तयार होते. लोडशेडिंगमध्ये शेतकऱ्याला हक्काचा उजेड!"

"आन पाटले पानी कोठून येस?" धाकट्या नवलने विचारलं.

"विहिरीवरच्या मोटरीने."

"मोटर कशावर चालस?"

"तुला संशोधनातलं काही कळत नाही."

दुपारपासून पट्ट्या पाटात वळवळत होत्या. मीटरचा काटा किंचित हलला, त्यावर प्रेमराज खूश. दिवा मात्र ढिम्म. धार जोरात यावी म्हणून त्याने केळीचे खांब टाकून पाट अरुंद केला. पाणी फुगलं, बांधावरून उलटलं आणि थेट वांगी भाजायच्या जाळात शिरलं. कपाशीच्या काड्या विझल्या, वांगी अर्धी कच्ची राहिली, आणि धुराने डोळे चोळत कमलबाईंनी नवलला बाजूला ओढलं.

"तुना भाऊना दिवा लागना पाहिजे. नही ते लोके हासतीन, हाईबी स्थळ जाई."

"मी काय करू, माय?"

"फवारणीनी बॅटरी शे ना? गुपचूप जोडी दे. त्याले सांगू नको."

नवलने वायर चिखलात पुरली आणि बॅटरी केळीच्या वाळक्या पानांखाली दडवली.

तिन्हीसांजेला पाहुणे आले. काड्या पुन्हा पेटवून वांगी कशीबशी भाजली होती. दिवा लख्ख लागला.

"वा!" आबा म्हणाले. "आमच्या रेल्वेत अशी माणसं पाहिजे होती!"

प्रेमराजने भाषण सुरू केलं. ते रंगात आलं आणि लाईट गेली. मोटर बंद पडली, पाट रिकामा झाला, पट्ट्या चिखलाला चिकटल्या. दिवा जळतच राहिला.

सगळे दिव्याकडे बघत राहिले. कमलबाईंनी पदर तोंडावर घेतला. प्रेमराज क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला.

"ऊर्जा साठून राहते! मलाही आजच कळलं!"

"म्हणजे पाणी नसलं तरी चालतं?" आबांनी विचारलं.

"नसलं तर अधिकच चांगलं चालतंय, असं दिसतं."

"मग ठरलंच म्हणा!" आबा म्हणाले. पोरीला विचारायचं त्यांना सुचलं नाही.

ज्योती पत्रावळीला पानं आणायला केळीत गेली होती. ती परतली आणि कमलबाईंच्या शेजारी टेकली.

"मावशी, वाळक्या पानांखालची बॅटरी आठवणीने चार्जिंगला लावा. नाहीतर उद्या फवारणी राहील."

कमलबाईंचा भरीत वाढणारा हात थांबला. "तुना बापले सांगशी?"

"कशाला?"

"म्हंजे... पोऱ्या पसंत शे?"

"त्यांचं बघू," ज्योती म्हणाली. "सासू पसंत आहे."

लग्न उन्हाळ्यात झालं. तोताराम आबा रेल्वे कॉलनीत अजून सांगतात की जावई कोरड्या पाटावर दिवे लावतो. नवलने फवारणीसाठी दुसरी बॅटरी घेतली आणि ती कुलपात ठेवली. प्रेमराजने कोरड्या पाटातल्या विजेवर दोन परिषदांत निबंध वाचले. तो अजून तासावरच आहे, आणि दिवा पुन्हा लागला नाही याचा दोष तो विहिरीच्या पाण्याला देतो. कमलबाईंनी आयुष्यभर कोणाचं ऐकलं नव्हतं. आता भाजी कोणती करायची तेही त्या सुनेला विचारतात. कधी त्यांचा आवाज चढलाच, तर ज्योती खुंटीवर टांगलेल्या त्या दिव्याकडे फक्त एकदा बघते.