शुक्रवारची आमटी आणि काकांचे पाच मृत्यू

जगात ताजे असे फारच थोडे असते; बाकी सर्व गरम केलेले असते. हे ज्या घराने मान्य केले तिथे सुख नांदते, आणि ज्या लेखकाने मान्य केले त्याचे दर दिवाळीला कुठे ना कुठे छापून येते. सुदैवाने आमच्या परळच्या घरात हे दोन्ही विभाग सुरळीत चालू आहेत. स्वयंपाकघर माझी पत्नी मेघना सांभाळते. ती दादरच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे काल उरलेल्या दीड वाटी भातातून आज दोघांची न्याहारी कशी निघते, हे ती सिद्ध करून दाखवू शकते. साहित्य विभाग माझ्याकडे आहे.

उरलेल्या अन्नाचे आमच्याकडे वर्ग पाडलेले आहेत. बांगड्याचे कालवण मुरणाऱ्या वर्गात मोडते. त्याला दुसऱ्या दिवशीच खरी बढती मिळते. भात, आमटी, पोळ्या आणि साबुदाण्याची खिचडी हा रूपांतरास पात्र वर्ग. यातून अनुक्रमे वडे, थालीपीठ, कुस्करा आणि पुन्हा वडे निष्पन्न होतात. तिसरा वर्ग म्हणजे आज टाकायला मन धजत नाही म्हणून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग निर्धास्तपणे टाकायचे ते. मी केलेल्या पाहणीनुसार (नमुना : एक फ्रिज, कालावधी : एक आठवडा) या वर्गाचे प्रमाण एकेचाळीस टक्के भरते. उरलेले एकोणसाठ टक्के मी डब्यात नेतो.

साहित्य विभागाचा फ्रिज म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधले ‘उरलेले’ नावाचे फोल्डर. त्यात वरळीच्या समुद्रावरचे तीन सूर्यास्त आहेत (पैकी एक ढगाळ), एक न वापरलेला जावई आहे, आणि ‘मग कुणीच काही बोललं नाही’ हे वाक्य आहे (शिल्लक नग सहा). मी एका कंपनीत दिवसभर इतरांचे अर्ज तपासतो. घरी येऊन संपूर्ण नवीन काही निर्माण करण्याची अपेक्षा माझ्याकडून कुणी ठेवू नये, आणि खरे सांगायचे तर कुणी ठेवलेलीही नाही.

या फोल्डरातला सर्वांत टिकाऊ जिन्नस म्हणजे माझे सख्खे धाकटे काका, धोंडूकाका.

काका गिरणीच्या कँटीनमध्ये आचारी होते. गिरणी बंद पडली, त्या जागी काचेची कचेरी उभी राहिली, आणि काका तिच्या कँटीनमध्ये लागले. त्यांची ख्याती दुसऱ्या दिवशीच्या पदार्थांबद्दल होती. सोमवारचा भात मंगळवारी त्यांच्या हातून असा बाहेर पडे की लोक सोमवारी कमी जेवत. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर माझी शाळा सुटण्याच्या वेळेला काका एक चपटा डबा घेऊन फाटकाशी उभे राहत. त्यात भाताचे वडे असत. मी ते तिथेच फुटपाथवर खात असे आणि काका माझे दप्तर धरून उभे असत.

यावर माणूस एक गोष्ट लिहील. मी पाच लिहिल्या, आणि पाचही गोष्टींत काकांना मारले. पहिल्या गोष्टीत ते गिरणी बंद झाली त्या दिवशी विझलेल्या चुलीपाशी गेले. दुसऱ्या गोष्टीत चाळीच्या जिन्यावर, हातात डबा घेऊन. तिसऱ्यासाठी मी त्यांना मालवणला नेले, कारण संपादकांना निसर्ग हवा होता. चौथ्या गोष्टीत ते इस्पितळात माझे नाव घेत गेले. पाचव्यात रविवारी दुपारी मला स्वतःच्या हाताने दहीभात भरवून जे लवंडले ते उठलेच नाहीत. भाताला कधी जिऱ्याची फोडणी द्यावी कधी मोहरीची, तसा मी दर वेळी मृत्यूत थोडा फरक ठेवीत असे.

प्रत्यक्षात काका एकोणऐंशी वर्षांचे असून लालबागला, मसाला कुटणाऱ्या गल्लीतल्या चाळीत एकटे राहतात. आमच्या घरापासून चालत सतरा मिनिटे लागतात. मी तिथे चार वर्षे गेलो नव्हतो. (यातून वाचलेला वेळ त्यांच्यावर लिहिण्यात सत्कारणी लागला.)

यंदा पाचव्या गोष्टीला दादरच्या एका वाचक मंडळाचा पुरस्कार जाहीर झाला. मंडळाच्या कार्यवाहांनी त्याची बातमी व्हॉट्सॲपवर सोडली आणि, उत्साहाच्या भरात, ‘लेखकाच्या काकांच्या निधनावर आधारित सत्य घटना’ असे एक वाक्य पदरचे घातले. त्यांना फोन करून ते वाक्य काढायला सांगावे असे माझ्या मनात आले होते. पण त्या वाक्याने गोष्टीला वजन येत होते, म्हणून मी तसे केले नाही.

बातमी लालबागला पोहोचायला पाऊण तास लागला. काकांच्या शेजारी राधाबाई राहतात. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे पिठले-भाकरी केली आणि ताट झाकून शेजारच्या दारावर थाप मारली. दार काकांनी उघडले. राधाबाई दोन दिवस गावाला गेल्या होत्या, तेव्हा आपल्याला कळायचे राहिले असेल असा त्यांचा समज झाला होता. काकांनी त्यांच्या फोनवरचा मजकूर वाचला, ताट ठेवून घेतले आणि भाकरी गरम आहे तोवर जेवून घेतले.

पुढच्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला ते आमच्याकडे आले. मी दार उघडले. ते आधी चपला काढून बाजूला नीट लावत बसले. तेवढ्या वेळात मी तीन-चार वाक्ये जुळवली, पण ती सगळी मी याआधी छापलेली होती. काकांनी मला बाजूला करून मेघनाला जेवायला वाढायला सांगितले.

त्या दिवशी थालीपीठ होते. काकांनी एक घास घेतला, चावला, आणि थांबले.

“सूनबाई, ही शुक्रवारची आमटी मा?”

मेघनाने शुक्रवारचीच असल्याचे कबूल केले. काका म्हणाले, चिंच मुरली की कळते. कांदा आज चिरलेला आहे, कोथिंबीर काल रात्रीची आहे, आणि आमटी लपवायला मसाला मारलेला नाही हे उत्तम केलेस. त्यांनी आणखी दीड थालीपीठ मागून घेतले. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण मेघनाच्या स्वयंपाकाबद्दल एवढे नेमके मी कधी बोललो नव्हतो. ती त्यांच्या पानाशेजारी खुर्ची ओढून बसली.

हात धुऊन झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

“आता सांग. ह्या खेपेक मी कशान मेलंय?”

त्यांच्या चाळीच्या वाचनालयात दिवाळी अंक येतात आणि आधीचे चारही मृत्यू त्यांनी वाचले होते, ही माहिती मला प्रथमच मिळाली. पाचवा अंक तेवढा त्यांच्या हाती आला नव्हता. तो मी त्यांना वाचून दाखवला. आपला मृत्यू ऐकताना माणूस एवढा शांत बसू शकतो, हे माझ्या एकाही गोष्टीत आलेले नाही.

मग त्यांनी पाचही गोष्टींवर मत दिले. आजवर माझ्यावर जी समीक्षा झाली (एकूण ओळी : चार) तिच्यात याची भर घालायला हरकत नाही. पहिली गोष्ट बरी होती, ती त्या दिवशीची होती. दुसरीपासून मी पाणी घालू लागलो. उरलेला भात आधी हाताने मोकळा करायचा असतो, गुठळी फोडायची असते, खराब शीत काढायचे असते. मी गुठळी तशीच ठेवून वरून फोडणी ओतत होतो. वास छान येतो, म्हणाले, पण आत गारच राहते. दहीभाताबद्दल त्यांची वेगळी तक्रार होती. त्यांना दही सोसत नाही. त्यांनी ते आयुष्यात कुणाला भरवलेले नाही.

मी मान डोलावत होतो. टीका मनावर न घेण्याचा मला सराव आहे.

“चौथ्या गोष्टीत मी तुझा नाव घेतलंय,” काका म्हणाले. “ता खोटा आसा. मी राधाबाईक हाक मारली. ती बाजूकच रवता.”

मला आधी कळेना की गोष्टीतल्या कुठल्या हाकेबद्दल ते बोलत आहेत. मग हळूहळू उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, काका खरोखरच इस्पितळात होते. एकोणीस दिवस. छातीत पाणी झाले होते. राधाबाई आणि त्यांचा मुलगा भिवा यांनी त्यांना टॅक्सीत घातले, रोज डबा नेला, घरी आणले. इस्पितळ परळमध्येच होते. आमच्या बाल्कनीतून त्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते.

काकांनी मला तीन वेळा फोन केला होता, हेही त्यांनी सांगितले, आणि सांगताना आवाज जराही चढवला नाही. मी तारखा ताडून पाहिल्या. त्या आठवड्यात मी चौथी गोष्ट संपवत होतो. मृत्यूचा प्रसंग लिहिताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून मी फोनचा आवाज बंद ठेवतो. नंतर मी तो नंबर पाहिलाही असणार. उद्या करू, असे मनात म्हटलेही असणार.

मेघनाने त्यांना विचारले की तिला का नाही केला. काका म्हणाले, तिचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तिने उठून एका कागदावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहिला आणि तो त्यांच्या खिशात स्वतः घातला. मग तिने माझ्याकडे पाहिले. फ्रिजमधले मागे राहिलेले भांडे उघडून, झाकण किती उचलावे याचा अंदाज घेत माणूस पाहतो, तसे.

पुरस्काराचा समारंभ त्यानंतर आठ दिवसांनी झाला. मी काकांना सोबत नेले. व्यासपीठावरून सर्वांसमोर सांगायचे, हे माझे काका, हे जिवंत आहेत आणि मी यांना चार वर्षे भेटलो नव्हतो, असे मी ठरवले होते. भाषण लिहून खिशात ठेवले होते. ते बरे उतरले होते. त्याचे पुढे काही करता येईल असेही वाटून गेले.

पण कार्यवाहांनी सुरुवातीलाच लेखकाच्या दिवंगत काकांना आदरांजली म्हणून सर्वांना उभे राहायला सांगितले. साठ-सत्तर माणसे उभी राहिली. तिसऱ्या रांगेत काकाही उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिल्या मिनिटात एकाचा फोन वाजला, दुसऱ्यात दोघे खोकले. काकांनी मात्र शांतता शेवटपर्यंत नियमानुसार पाळली. त्यानंतर मला शाल, श्रीफळ आणि सात हवाबंद डब्यांचा संच (प्रायोजकांतर्फे) देण्यात आला. मी आभार मानले. भाषण खिशातच राहिले.

बाहेर चहाच्या टेबलापाशी एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी गोष्ट दोनदा वाचली होती, दोन्ही वेळा रडल्या होत्या. आता त्यांना पुन्हा भरून आले. काका माझ्या शेजारी बटाटेवडा खात उभे होते. एवढ्या लहान श्रोतृवर्गासमोर मला धीर आला आणि मी म्हणालो, “हेच ते काका.”

बाईंनी काकांकडे पाहिले, वड्याकडे पाहिले.

“हे दुसरे का?”

“नाही. तेच.”

बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, आधी सांगायला हवं होतं. काकांनी त्यांची माफी मागितली. मी मागितली नाही, हे माझ्या पायऱ्या उतरताना लक्षात आले.

तेव्हापासून मी दर रविवारी लालबागला जातो. काकांच्या खोलीत मिरच्या भाजल्याचा ठसका असतो, मी अर्धा तास शिंकतो, मग भात मोकळा करायला बसतो. काका आधी वास घ्यायला लावतात. वासात शंका असेल तर टाकून द्यायचे, त्यावर अक्कल खर्च करायची नाही, असा त्यांचा नियम आहे. हा नियम मी ‘उरलेले’ फोल्डरलाही लावून पाहिला. एक सूर्यास्त शिल्लक राहिला, ढगाळ. भिवा आता मला ओळखतो. पहिल्या रविवारी त्याने मला जिन्यातच अडवून कोण पाहिजे म्हणून विचारले होते, आणि मी पुतण्या म्हणून सांगितल्यावर बाजूला झाला होता.

मग मी ही सहावी गोष्ट लिहिली. इस्पितळ, तीन फोन, समारंभ, सगळे घडले तसे. दिवाळी अंकाचे संपादक अमित नावाचे तरुण गृहस्थ आहेत. त्यांनी दोन दिवसांत फोन करून गोष्ट आवडल्याचे सांगितले. फक्त शेवटाबद्दल त्यांची एक सूचना होती. काका शेवटी जायला हवेत, म्हणाले. वाचक थांबलेला असतो.

हे मी काकांना सांगितले. ते तव्यावर वडे उलटत होते. त्यांनी सगळे उलटून होईपर्यंत उत्तर दिले नाही.

“मग जाव दे माका. तुझी गोष्ट छापान येऊ दे,” ते म्हणाले. “फक्त मारूच्या आधी एक फोन कर.”

मी शेवट बदलला नाही. संपादकांनी गोष्ट परत केली. मग ती आणखी दोन ठिकाणी फिरून, मधला एक परिच्छेद गमावून, इथे लागली आहे.

सबब वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो की काका ठणठणीत आहेत. ते या गोष्टीत मरत नाहीत. वर मजकूर पुन्हा तपासून पाहिला तरी ते कुठेही मेलेले आढळणार नाहीत. आपली निराशा मी समजू शकतो. छातीतल्या पाण्याचा उल्लेख आला तेव्हा आपण जरा सावरून बसलात. तव्यापाशी ते उत्तर द्यायचे थांबले तेव्हा तर आपली खात्रीच झाली. म्हातारा वडे उलटत होता. मी पाच वेळा त्याच्या मरणावर जगलो, माझे कारण उघड आहे. आपण कशासाठी थांबला होतात?