चिंधी बांधलेली भाजी

आजही सारजाबाईंनी ताटात नुसतं पिठलंच वाढलं आणि वैजयंती घास नुसताच ताटात फिरवत बसली. भाजीचं नाव कुणी काढलं नाही. तेच जास्त लागत होतं.

उजनी धरणाचं पाणी चढलं की जेऊरकडच्या या वस्तीचं बेट होतं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं आणि तोवर आपसूक उगवलेलं खुडून खायचं, अशी इथली रीत. ती शिकायला वैजयंती सोलापुरातली चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी आणि भाड्याची खोली, दोन्ही सोडून आली होती. सोबत तिचा शिल्पकार मित्र चन्नवीर होता. हंगामभर तुमच्या घरी राहू द्याल का, असं तिनं विचारल्यावर सारजाबाई म्हणाल्या होत्या, "आदी बगते. मग सांगते." तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

आल्या दिवशीच सारजाबाईंनी त्यांना बियाची रीत शिकवली. खुडण्याआधी एखादं चांगलं झाड बघून त्याला चिंधी बांधायची. ते बियाला राखलं. मग बी पडेपर्यंत माणसानं त्याला हात लावायचा नाही आणि शेरडानं तोंड. दुसऱ्या दिवशी त्या बाजाराला गेल्या. जाताना म्हणाल्या, "चांगलं बगून बांदा."

आता हे काय कलावंतांना सांगायचं काम होतं? वैजयंतीला एका तांदुळज्याचा लाल देठ आवडला, दुसऱ्याच्या पानातून झिरपणारं ऊन आवडलं. तिची ओढणी संपली तेव्हा चन्नवीरनं आपला सदरा फाडायला दिला. कुंजराच्या भाजीच्या एका वाळत चाललेल्या रोपाला त्यानं स्वतः चिंधी बांधली आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्याच्यात वेदना आहे." जमिनीलगत पसरलेली घोळसुद्धा सुटली नाही. संध्याकाळी सारजाबाई होडीतून उतरल्या तेव्हा सगळं बेट फडफडत होतं.

त्या रागावल्या नाहीत. शेरडं तेवढी आत बांधायला लावली. तेव्हापासून वस्तीत एकाही चुलीवर भाजी चढली नव्हती आणि कोंडलेली शेरडं दिवसभर ओरडत होती. सांजेला शेजारणी ओट्यावर येऊन बसत, चिंध्यांकडे बघत आणि सुतकाला आल्यासारख्या न बोलता उठून जात. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

जेवणं झाल्यावर तिनं गुपचूप जाऊन एका तांदुळज्याची गाठ सोडायला घेतली.

"ऱ्हाऊ दे," मागून सारजाबाई म्हणाल्या. "ती गाठ तुजी न्हाय आता. बियाची हाय."

"मावशी, चूक माझी आहे. सगळ्या वस्तीनं का उपाशी राहायचं?"

"उपाशी कोन हाय? पिठलं हाय की."

चन्नवीरनं मात्र पिठल्याचा धसका घेतला होता. उद्या सकाळच्या होडीनं निघायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. वैजयंतीनंही मुकाट्यानं पिशवी भरून ओट्यावर ठेवली. अजून राहू द्या म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं. रात्री झोप लागली नाही. शेरडंही ओरडतच होती.

सकाळी होडी लागली. चन्नवीर तिची पिशवी उचलायला वाकला, तसा सारजाबाईंचा मुलगा रामहरी वल्हं टाकून पुढं आला आणि त्यानं चन्नवीरचा हात धरला.

"चिंदी हाय की त्याला," तो म्हणाला. "हात लावायचा न्हाय."

पिशवीच्या बंदाला सारजाबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली होती. चन्नवीरनं पुष्कळ हुज्जत घातली. आत वैजयंतीचे कपडे आहेत, तिला शहरात कामं आहेत, असं सांगून पाहिलं. रामहरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी होती तिथंच राहिली. शेवटी चन्नवीर एकटाच होडीत बसला.

वैजयंतीचे डोळे भरून आले. ती चुलीपाशी गेली.

"मावशी, हे कधीपर्यंत?"

"बी पडूस्तवर," सारजाबाई म्हणाल्या. मग बेसनाचा डबा त्यांनी तिच्यापुढं सरकवला. "हात धू. आज पिठलं तू कर."