बिनपाठीची हत्तीण

मास्तर म्हणतोय, आपल्या चौकात हारांखाली नुसता धोंडा हाय. मास्तरला काय कळतंय? पुतळा हाय तो. बसा खाली पोरांनो. आधी ऐका, मग त्याला जाऊन सांगा.

एका जंगलात एक रानडुक्कर व्हतं. भैरू त्याचं नाव. सुळ्यानं दगड कोरायचं. शाळा दोन बुकं, राग मात्र पोतंभर. आपल्या गावातबी असत्यात अशी काही. नावं नकोत.

त्या जंगलातलं पाणी आटलं, तवा म्हातारी गंगी हत्तीण सगळ्यांना डोंगरापल्याडच्या डोहावर घेऊन गेली. सगळी जगली. ती काठावरच मेली. जंगलानं ठरवलं, तिचा पुतळा करायचा.

गंगीची लेक भैरूला म्हणाली, "मामा, आईचं तोंड तेवढं नीट काढा. मला आता धड आठवत न्हाई."

"काढतो की," भैरू म्हणाला.

अन् काढलंबी. सोंड, कान, बारके डोळे. डोळं तर असं उतरलं की भैरूलाच रडू आलं.

पुतळा चौकात बसला. लगोलग टेकाडावरची हरणं आली. "तोंड खालच्या आळीकडं अन् ढुंगण आमच्या दारात? आम्ही काय परकी हाय?"

भैरू भडकला. अशा शिव्या घातल्या की वडाची पानं गळाली. अन् शिव्या देत देतच त्यानं ढुंगणावर दुसरं तोंड कोरलं.

मग माकडं आली. "सोंड आमच्या झाडाकडं रोखलीया. आम्ही चोर हाय का?"

"सोंडंला हात लावाल तर सुळ्यावर घेईन एकेकाला," भैरू गुरगुरला. अन् आपणच सोंड तोडली.

कोल्ह्यांना कान खुपले. "कान आमच्याकडं, म्हंजे आम्ही चहाडखोर व्हय?" कान गेले.

शेवटी ससे आले. "म्होरं तोंड, मागं तोंड. मधल्या अंगाला आम्ही काय मेलोय?"

भैरूचं डोकं फिरलं. त्यानं दोन्ही तोंडं घासून टाकली.

राहिला गोल धोंडा. जंगल खूश. जो तो म्हणायचा, "बघा, कशी आमच्याकडंच बघतीया." धोंड्यावर हारांचा ढीग पडला. भैरूला फेटा बांधला. शेजारच्या जंगलातनं कामं आली. वाघाचा पुतळा केला, धोंडा. मोराचा केला, तोबी धोंडाच. पिसारा कुणाकडं, ही भानगडच नको. भैरू लई मोठा कलाकार झाला.

मग एक दिवस गंगीची लेक चौकात आली. धोंड्याभवती फिरली. परत फिरली.

"मामा, आई कुठाय?"

"हारांखाली," भैरू म्हणाला.

"मग हार काढा की. बघते."

भैरूचा फेटा एकदम आवळला. तो तिच्यावरच खेकसला, "एवढ्यांनी घातलेलं हार काढायचं व्हय? अक्कल हाय का?"

ती तिथंच उभी राहिली. अजून उभी हाय.

तात्पर्य : कुणाकडंच पाठ व्हऊ द्यायची नसंल, तर तोंड ठेवू नये. दोन्ही नसलं की फेटा मिळतो.

हसताय काय? उठा. मास्तरला संगं घ्या, चौकात जावा अन् ते हार काढा.