साळोजीने कारभारी बदलला

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. पण लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा संगणक होता. तो साळोजी नावाच्या साळिंदराच्या ताब्यात असे. बिबट्या पाणवठ्याकडे निघाला की संगणक भोंगा वाजवी. हरणं पळत. बिबट्याला उपास घडे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साळोजीचं दुखणं नेमकं हेच होतं.

आता संगणक सुरू कसा होतो तेही ऐका. त्याच्या पोटात सगळ्यात आधी एक कारभारी जागा होतो. तो बाकीच्यांना उठवून कामाला लावतो. जाणकार त्याला इनिट म्हणतात. बाकीच्यांना तो माहीतही नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही.

वडाखाली जाणकारांची बैठक भरे. वटवाघूळशास्त्री तिचे अध्यक्ष. ते उलटे लटकून जगाकडे बघत, म्हणून त्यांना सगळ्यांच्या चुका दिसत. एकदा त्यांनी साळोजीला त्याच्या कारभाऱ्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. बैठकीने नाकं मुरडली. हा कारभारी फार आगाऊ, शास्त्रीबुवा म्हणाले. उठवायला ठेवला तर घड्याळ बघतो, रोजनिशी लिहितो, दारावरही बसतो. स्वाभिमानी जनावराने त्याला हाकलावं आणि मर्यादेने राहणारा दुसरा आणावा.

साळोजीला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. तेवढ्यात ठिपूआक्का तिथून निघाली. ही म्हातारी हरिणी एका पायाने अधू होती. इतरांना भोंगा सोयीचा होता. तिचा जीवच त्याच्यावर होता.

"साळोजी, भोंगा बिघडलाय का रे?"

"बिघाड नाही, आक्का. सुधारणा आहे."

"मग पाण्यावर जाऊ ना?"

"बिनघोर जा. आजपासून तो तत्त्वाने वाजेल."

आक्का लंगडत गेली. इकडे संगणकाने साळोजीला बजावलं की कारभारी काढला तर मी पुन्हा उठेन याची खात्री नाही. तरीही काढायचाच असेल, तर 'हो, मी सांगतो तसंच कर' असं पूर्ण वाक्य लिही. साळोजीचं घरातही कोणी ऐकत नसे. त्याने ते वाक्य मोठ्या आनंदाने लिहिलं.

संगणकाने ऐकलं. कारभारी गेला, आणि जाताना बाहेरून सामान आणणाऱ्यालाही घेऊन गेला. आता नवा कारभारी आणणार कोण? साळोजीने संगणक बंद करून चालू केला. पडदा काळाच राहिला.

बिबट्या त्याच्या समोरून गेला. काटे बघून त्याने वाट वाकडी केली आणि तो पाण्याकडे उतरला. आक्का मान खाली घालून निवांत पाणी पीत होती. भोंगा वाजला नव्हता ना! ती परत आली नाही. सांगताना माझा जीव तुटतो, पण गोष्ट अशीच आहे.

संध्याकाळी साळोजीने बैठकीत रडत सगळं सांगितलं.

"पण तो आगाऊ कारभारी गेला ना?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"गेला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुखवट्याचा ठराव झाला. आक्काने पाण्यावर जाण्याआधी संगणकाची माहितीपुस्तिका वाचायला हवी होती, असं त्यात एकमताने म्हटलं होतं.

तात्पर्य: चालत्या गाडीला खीळ घालू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. तसं काही नाही. खुशाल घालावी. फक्त त्या गाडीत आपण बसलेलं नसावं.