बर्फाच्या कारखान्यातले घटनाप्रमुख

आपत्ती यायचीच असेल तर ती आता खुशाल येऊ दे, असं भाऊ कारखान्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते. भाऊ म्हणजे बर्फाच्या कारखान्याचे भांडारपाल. नटबोल्ट, गोणपाट आणि वंगणाचे डबे सांभाळण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, असा माणूस. पण मॅनेजरांनी त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं आणि ते परत आले ते ‘घटनाप्रमुख’ होऊन. अंगात नारिंगी जाकीट, हातात बॅटरीवरचा कर्णा आणि चालण्यात एकदम वजन. तुमचा आवाज मोठा म्हणून तुम्हाला निवडलं, असं मॅनेजरांनी त्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी, की दोन दिवस जागेवर नसले तरी काम अडणार नाही असे कारखान्यात ते एकटेच होते.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळी रचना समजावून सांगितली. संकटात प्रमुख एकच असतो. बाकीच्यांनी नेमून दिलेली कामं करायची. प्रमुखाने स्वतः धावपळ करायची नाही, उभं राहून फक्त निर्णय द्यायचे.

“म्हणजे आपल्या घरात चालतं तसंच की,” बायको म्हणाली. भाऊंनी पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याचा नकाशा भिंतीवर लावला. फाटकाजवळ लाल गोल काढला. काही झालं की सगळ्यांनी तिथं जमायचं. कामं वाटली. यंत्रघरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी झडप बंद करायची. ऑफिसातले कारकून माहिती अधिकारी. झाडलोट करणाऱ्या मावशींचं नाव यादीत राहूनच गेलं. त्यांनी विचारल्यावर भाऊ म्हणाले, तुम्ही काही करू नका, मी सांगेन तिकडे फक्त चला.

आठवडा गेला आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला यंत्रघरातल्या नळीचा सांधा सुटला. बर्फ गोठवायला अमोनिया वायू लागतो, आणि तो बाहेर पडला की शंभर कांदे एकदम नाकात चिरल्यासारखं होतं. मिस्त्री ओरडले, “गळती आहे, बाहेर पडा,” आणि स्वतः तोंडावर मुखवटा चढवून उलटे आत शिरले. त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही. नकाशा नसता तरी ते तेच करणार होते.

भाऊंनी पहिलं काम चोख केलं, जाकीट घातलं. घाईत ते पुढचं मागे झालं आणि चेन पाठीवर गेली, एवढंच. माणसं शिकवल्याप्रमाणे फाटकाजवळ जमली. भाऊंनी कर्णा तोंडाला लावून बटण दाबलं. प्रशिक्षणातल्या कर्ण्याला एक बटण होतं, याला दोन होती. कर्णा भोंग्यासारखा जो बोंबलायला लागला, तो काही केल्या थांबेना. भाऊ त्यातून ओरडत होते, पण लोकांना दिसत होतं फक्त त्यांचं उघडझाप करणारं तोंड. मग त्यांनी दोन्ही तळवे खाली दाबून खूण केली, की शांत राहा. लोकांना वाटलं, बसा. चाळीस माणसं फाटकाजवळच्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि कीर्तनाला बसल्यासारखी त्यांच्याकडे बघू लागली.

तिकडे कारकून आपलं काम इमानेइतबारे करत होते. माहिती द्यायची म्हणून त्यांनी कामगारांच्या घरचे फोन एकेक करून फिरवले आणि सांगितलं, वायू गळतोय, पण घाबरू नका. एवढं ऐकून घाबरणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. पाच मिनिटांत फाटकाबाहेर नातेवाइकांची झुंबड उडाली. बाहेरचे आत ढकलत होते, आतले बसून होते आणि मधे भाऊ, हातात बोंबलणारा कर्णा घेऊन.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. त्यांनी भाऊंच्या हातून कर्णा घेतला, बुडाचं झाकण काढलं आणि आतले सेल काढून पदराला बांधले. एकदम शांत झालं. त्या शांततेत पहिल्या ओळीतला एकजण खोकला. मग दुसरा.

“भाऊ, वारा इकडंच येतोय,” मावशी म्हणाल्या.

“नकाशात फाटकच आहे, मावशी.”

“नकाशा भिंतीवर आहे. वारा इथं आहे. माझी फडकी बघा.”

आवारात दोरीवर मावशींची पुसायची फडकी वाळत होती. सगळी एका रेषेत, थेट फाटकाच्या दिशेला ताठ उडत होती. भाऊंनी फडक्यांकडे पाहिलं, मग लाल गोल काढलेल्या जागी बसलेल्या माणसांकडे पाहिलं. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते वायूचं होतं की भीतीचं, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. निर्णय द्यायचा क्षण हाच, एवढं मात्र कळत होतं.

“मग न्यायचं कुठं?” त्यांनी हळूच विचारलं.

“कुंपणाच्या कडेकडेनं मागच्या पाण्याच्या टाकीकडं. वारा तिकडनं येतो.”

“मग तुम्ही पुढे व्हा. मी मागून येतो.”

मावशी पुढे निघाल्या आणि माणसं तोंडावर रुमाल आणि दोरीवरची दमट फडकी धरून त्यांच्यामागे. भाऊंनी बाहेरच्या गर्दीला मागे हटायला सांगितलं. कर्ण्याशिवाय त्यांचा आवाज लख्ख ऐकू गेला आणि गर्दी हटली. कारकुनांना फोनवरून ओढून काढावं लागलं. टाकीजवळ भाऊंनी डोकी मोजली. बेचाळीस हवी होती, एकेचाळीस भरली. पुन्हा मोजली. कोण कमी आहे ते ठाऊक होतं, तरी तिसऱ्यांदा मोजली.

बाहेरच्या गर्दीतल्या कुणीतरी बोलावलेली अग्निशमन दलाची गाडी आत आली. तिचे जवान यंत्रघराकडे धावले, आणि तेवढ्यात दारातून मिस्त्रीच खोकत बाहेर आले. झडप बंद झाली होती. झडपेला लावायचं वंगण कुणी खालच्या फळीवर ठेवतं का, वाकून वाकून पाठ गेली, असं ते चिडून सांगत होते. हे वंगण ठेवणारे भांडारपाल त्यांना मिठी मारायला धावले. आयुष्यात शिव्या इतक्या गोड त्यांना कधी लागल्या नव्हत्या. मग भाऊ तिथंच मटकन खाली बसले.

दलाचे अधिकारी वही घेऊन आले. प्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं. भाऊंनी बसल्या बसल्या हात वर केला.

“माणसं वाऱ्याच्या उलट बाजूला नेलीत, फार बरं केलंत. हे सुचलं कुणाला?”

भाऊंनी ‘मला’ म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण शेजारी मावशी एकेकाला पाणी देत होत्या, आणि जीभ काही वळेना.

“यांना,” ते म्हणाले.

“आणि झडप?”

“मिस्त्रींनी.”

“मग तुम्ही काय केलंत?”

भाऊंनी बराच विचार केला. “मी हो म्हणालो.”

अधिकाऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे आणि त्यांच्या उलट्या जाकिटाकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. भाऊंनी मान लांब करून वाचलं. ‘प्रमुखाची कामगिरी’ या रकान्यात एकच शब्द होता : हजर.

त्या दिवशी भाऊंना तेवढंही पुष्कळ वाटलं.