बुरडे फोरमन आणि आठ बंब

बुरडे आमच्या घरी आले की आधी न्हाणीघरात जात आणि मग बैठकीत येत. तिथल्या तांब्याच्या बंबाला बोटाच्या पेराने खालून वर टकटक करत जायचं, आवाज बदलला की थांबायचं आणि बाहेर येऊन माझ्या बायकोला सांगायचं, "वैनी, पाणी अर्ध्याच्या खाली आहे." त्यानंतर नमस्कार, त्यानंतर चहा. या क्रमात त्यांनी कधी बदल केला नाही. माझे मेहुणे पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा अंघोळीला बसले होते आणि दाराची कडी नीट लागत नव्हती. एक अनोळखी गृहस्थ आत आले, आपल्याकडे ढुंकूनही न बघता बंब वाजवून गेले, हे मेहुणे पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात सांगत.

बुरडे कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर फोरमन होते. मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. वसाहतीत आमची क्वार्टरं समोरासमोर. मूळचे ते खाप्याचे, विणकरांच्या घरातले. हातमाग सुटला, पण खिशात सुताची लडी ठेवायची सवय सुटली नव्हती. बायको फार लवकर गेलेली, एकुलती मुलगी कांता जबलपूरला दिलेली, घरात हे एकटे. एकटा माणूस देवधर्माला लागतो किंवा पत्ते कुटतो. बुरड्यांनी वसाहतीतले सगळे बंब दत्तक घेतले.

केंद्रातला चार-पाच मजली बॉयलर आणि आमचा न्हाणीतला बंब यांची जात एकच, असं त्यांचं ठाम मत होतं. सकाळी रस्त्याने जाताना ते घराघरांतला धूर बघत आणि रस्त्यावरूनच निदान सांगत. धूर काळा असेल तर हवा कमी, राख काढा. पांढरा असेल तर लाकूड ओलं. आणि सगळ्यांत मोठं वेदवाक्य म्हणजे, "पयले पाणी, मंग आग." रिकामा बंब पेटवला की त्याच्या सांध्यातलं कथील वितळतं आणि बंब कामातून जातो, म्हणून हा मंत्र. पण ते तो सगळीकडेच लावत. आमच्या वरच्या मजल्यावर नवरा-बायकोचं जुंपलं की बुरडे जिना चढून जात, दोघांना एकेक पेला पाणी प्यायला लावत आणि म्हणत, "हं, आता भांडा." पाणी पिऊन झाल्यावर भांडणाला चव राहत नसे.

त्यांच्या शिस्तीचा जाचही होता. एकदा आमच्या बंबाची तोटी दुरुस्त करताना त्यांनी केंद्रातल्या पद्धतीप्रमाणे त्याला लाल पाटी अडकवली, 'काम चालू, पेटवू नये'. काम झालं, पण पाटी काढायची राहिली आणि बुरडे खाप्याला निघून गेले. पाटी लावणाऱ्यानेच ती काढायची, हा नियम त्यांनी माझ्या बायकोच्या डोक्यात इतका पक्का बसवला होता, की ऐन डिसेंबरात आम्ही तीन दिवस गार पाण्याने अंघोळी केल्या. मी पाटीला हात लावायला गेलो तर तिने मला लाटणं दाखवलं.

आता माझ्या मुलीच्या, सुशीलेच्या, लग्नाची गोष्ट सांगतो, म्हणजे बुरडे काय चीज होते ते कळेल.

लग्न जानेवारीत होतं. वऱ्हाड अमरावतीहून साठ-सत्तर माणसांचं. नवऱ्या मुलाचे मोठे काका हे त्या घरातले जमदग्नी होते. एका लग्नात चहा गार मिळाला म्हणून ते मांडवातून उठून गेले होते, ही कीर्ती आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांचं पत्रही आलं होतं, 'थंडी फार आहे, मंडळी पहाटे निघतील, अंघोळीस कडक पाणी असावे.' दुसरं काही मागणं नव्हतं. मी ते पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन फिरत होतो. पाणी चुकलं तर ते मुलीला जन्मभर ऐकवलं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वऱ्हाडाला वसाहतीच्या हॉलमध्ये उतरवायचं होतं. मांडव-भांडी पुरवणाऱ्या बिछायतवाल्याने दोन पुरुष उंचीचा, निदान मला तरी तेवढा वाटलेला, एक अजस्र बंब आणून ठेवला. लग्नाच्या दिवशी पहाटे त्याच्या माणसाने तो पेटवला. पाणी भरलंय की नाही हे त्याने बघितलं नाही. मग कोणीतरी आठवण केली म्हणून घाईघाईने पाणी ओतलं, तर ते सगळं सुटलेल्या सांध्यातून खाली आलं आणि विस्तव विझला. तेव्हा सहा वाजले होते आणि साडेसातला बस येणार होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिथेच एका खाटेवर बसलो.

सव्वासहाला तिसरी पाळी संपवून बुरडे आले, अंगावर कोळशाची भुकटी तशीच. त्यांनी बंब वाजवला, खाली वाकून बघितलं आणि त्या माणसाला फक्त विचारलं, "काहून गा?"

मग ते माझ्याकडे वळले. "उठ गा भाऊ. आपल्या लायनीत आत्ता आठ बंब पेटून राहिले. ते इकडे आणतो."

मी म्हटलं, लोकांच्या अंघोळीचं काय, आणि पेटलेले बंब आणणार कसे? तर म्हणाले, विझवून आणले तर पुन्हा तापायला तास जाईल, चालू यंत्र बंद करायचं नसतं.

आणि त्यांनी ते आणले. भाजीवाल्याच्या ठेल्यावर पत्रा टाकून, एका फेरीत दोन-दोन, धूर सोडत. कोणाच्या घरात कोण डोक्याला साबण लावून बसलं होतं याची त्यांनी पर्वा केली नाही. आमची अख्खी लाइन त्या दिवशी गार पाण्याने न्हाली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या फेरीला ठेला रस्त्यात असतानाच वऱ्हाडाची बस वळणावर आली. फाटकाशी उभ्या बँडवाल्यांना वाटलं हीच मिरवणूक, त्यांनी सुरू केलं. पुढे धुराचे दोन बंब, त्यांना धरून काळेकुट्ट बुरडे, मागे बँड, त्यामागे बस, असं वऱ्हाड हॉलवर पोचलं. मोठे काका उतरले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "वीजवाल्यांकडची ही पद्धत आम्ही पहिल्यांदाच पाहिली."

हॉलमागे न्हाण्यांसमोर बुरड्यांनी खडूने बंबांवर एक ते आठ आकडे घातले. एक रिकामा होत असला की दुसरा उकळत असे, तिसरा तापत असे. चार नंबर काळा धुपायला लागला, तर बांबूला गोणपाट गुंडाळून त्यांनी नळीतली काजळी पाडली. सहा नंबरची तोटी गळायला लागली, तर खिशातलं सूत काढून, साबण लावून, असे वेढे दिले की एक थेंब पडेना. मोठे काका न्हाणीत गेले. मी बाहेर दाराला कान लावून उभा. आतून त्यांचा खर्जातला आवाज आला, "अहो, कोण आहे तिकडे? विसण आणा, विसण. हात घालवत नाही."

मुलीच्या बापाकडे वरपक्षाने पाण्यात घालायला गार पाणी मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की विसणाची बादली मी स्वतः धावत नेऊन दिली. नऊच्या आत शेवटच्या वऱ्हाड्याची अंघोळ झाली. बुरडे केंद्रातल्या भाषेत म्हणाले, "लोड पूर्ण घेतला."

लग्न थाटात लागलं. पाच वाजता सुशीला गेली. बस दिसेनाशी झाल्यावर लोक पांगले आणि मी हॉलमागे आलो, कारण माझी बायको आणि आलेल्या बायका पुढे रडत होत्या आणि मला तिथे थांबवेना. सात बंब थंड पडले होते. आठवा त्यांनी एका न्हाणीत नेऊन ठेवला होता, तो अजून जळत होता आणि बुरडे त्यात ढलप्या टाकत होते. मी चिडलो. आता कोणासाठी हे, म्हणून विचारलं.

"तू सकाळपासून पारोसा आहेस," ते म्हणाले.

ते खरं होतं, आणि दिवसभरात ते दुसऱ्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. त्यांनी मला आत घेतलं. बादली बंबाच्या तोटीखाली लावली, ती सोडली, शेजारचा गार पाण्याचा नळही पूर्ण सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन्ही नळ चालू राहू दे. बाहेर काही ऐकू येत नाही. कांतेले सासरी लावून दिलं त्या दिवशी मी तासभर अंघोळ करून राहिलो होतो. लोकायले वाटलं, बुरड्याले सफाई लय आवडते."

दार ओढून ते बाहेर गेले. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि हमसून हमसून रडलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. बादली भरून वाहत होती. मग कोणी येतंय की काय असं वाटून मी घाईने नळ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात दाराबाहेरून बुरड्यांचा आवाज आला, "घाई नको करू गा भाऊ. अजून चार बादल्या आहेत."